रात्रीचं खरकटं

मराठी घरात दिवसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तोंड धुतलंस का? पारोशा तोंडानं चहाचा कप हातात घेतला तर आई ओरडते, पारोशा तोंडानं देवघरात पाऊल टाकणं तर दूरच. ‘तोंड धुणं’ या दोन शब्दांत दात घासणं, जीभ खरवडणं, चूळ भरणं, डोळ्यांवर पाणी मारणं हे सगळं येतं आणि ते सगळं सकाळचं असतं. रात्री झोपायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच घरात रात्रीची खरकटी भांडी मात्र मोरीत पडून राहू देत नाहीत. ती घासून पालथी घातल्याशिवाय घरच्या बाईला झोप लागत नाही. भांड्यांच्या बाबतीत जे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळत आलं, ते तोंडाच्या बाबतीत कळलेलं नाही, आणि आपल्या दातांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथेच दिसतं. दात घासणं आपल्याकडे शुचितेत मोडतं. शुचिता सकाळी हवी असते. दातांना हवी असते ती राखण, आणि राखण रात्रीची असते.

हे म्हणणं सगळ्यांना पटणारं नाही. विरुद्ध बाजू जुनी आहे, अंगवळणी पडलेली आहे आणि काही ठिकाणी बरोबरही आहे. तिला पुरतं बोलू दिल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. त्या बाजूला मी ‘काका’ म्हणतो. काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. गावच्या पारावर, सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत जे बोलणं कानावर पडतं, ते एका तोंडून वदवलं आहे, इतकंच.

काका म्हणतात, “अरे, आमच्या आजोबांच्या पिढीनं ब्रश पाहिला नव्हता. बांधावरच्या बाभळीची काडी मोडायची, चावून तिचा कुंचला करायचा, विहिरीवर तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं. ऐंशीव्या वर्षी बुक्कीनं कांदा फोडून भाकरीबरोबर खात होती ती माणसं. आता तुम्ही दोन-दोन वेळा घासा म्हणता, आणि दहा वर्षांच्या पोराच्या दाढेत सिमेंट भरलेलं. म्हातारपणी तर दात पडायचेच. पान पिकलं की गळतं. त्याची राखण ती कसली करायची?”

काका, कांदा फोडणारे आजोबा खरे आहेत. पण ते लक्षात राहिले कारण ते उठून दिसत होते. ज्यांच्या दाढा चाळिशीत गेल्या आणि जे पुढची वीस-पंचवीस वर्षं भाकरी दुधात कुस्करून खात राहिले, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. माणसांच्या आठवणी निवडक असतात, हाडं तशी नसतात. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथे जव पिकवणारे शेतकरी राहत होते आणि आपली माणसं घराच्या जमिनीखाली पुरत होते. त्या सांगाड्यांचे दात जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी बारकाईनं तपासले, तेव्हा त्यांत किडीच्या खुणा सापडल्या. तिथे साखर कारखाना नव्हता, बिस्किटाचा पुडा नव्हता, ब्रशही नव्हता. म्हणजे कीड ब्रशाबरोबर आलेली नाही. माणूस पिठूळ धान्य शिजवून खाऊ लागला तेव्हापासून ती त्याच्या सोबत आहे. बदलला तो तिचा वेग. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि नंतरच्या दोन पिढ्यांत साखर सणावारातून उठून रोजच्या चहात, पावात, बिस्किटात येऊन बसली. आजोबांच्या काडीनं जेवढं भागत होतं, तेवढ्यानं नातवाचं भागत नाही, कारण नातवाचं तोंड दिवसातून दहा वेळा गोड होतं. पिकलं पान गळतं हेही दातांना लागू नाही. दाताला वय झालं म्हणून पडण्याची खोड नाही. त्याला कीड आतून पोखरते किंवा हिरडीचा रोग त्याच्याभोवतीचं हाड खातो, म्हणून तो पडतो. या दोन्ही गोष्टींना पंचवीस-तीस वर्षं मिळाली की आपण त्याला म्हातारपण म्हणतो.

कीड हा आपला शब्दच थोडा दगा देतो. दाताला कीड लागली म्हटलं की डोळ्यांपुढे वांग्यातली अळी येते. म्हणूनच रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘दातातल्या अळ्या’ पाडून दाखवणाऱ्यांचा धंदा इतकी वर्षं चालला. वाटीतल्या पाण्यात दिसणारं ते पांढरं काही दातातून आलेलं नसतं. दातात अळी नसते, हे फ्रान्समध्ये प्येर फोशारनं १७२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. खरी गोष्ट १८९० मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं मांडली: तोंडातले जंतू साखर-पिष्ट खातात, त्यांतून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात विरघळवतं. दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू तीच. वजनानं शंभरातले जवळजवळ ९६ भाग खनिज. पण तिच्यात एकही जिवंत पेशी नसते. हाड मोडलं तर जुळून येतं, कातडी फाटली तर भरून येते, एनॅमलला एकदा भोक पडलं की ते भोक राहतं. पुढे १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफननं गोड पाण्याची चूळ भरायला लावून दातांवरच्या थराचा सामू (पीएच) मोजला. काही मिनिटांतच तो झरझर खाली येत होता. साडेपाचच्या आसपास खाली गेला की एनॅमलमधून खनिज सुटू लागतं, आणि तो पुन्हा जागेवर यायला अर्धा तास ते तासभर लागतो. जागेवर आणते ती लाळ. लाळ आम्ल पातळ करते, मारते, आणि सुटलेलं खनिज दाताला परत देते. दिवसभर दाताच्या पृष्ठभागावर ही देवघेव चालू असते. जितकं गेलं तितकं परत आलं तर दात शाबूत.

आता रात्रीचा हिशेब पाहा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. जागेपणी जी राखणदार शेतात हिंडत असते, ती माळ्यावर जाऊन झोपते. जीभ हलत नाही, गाल हलत नाहीत, कुणी पाणी पीत नाही. साडेनऊला जेवून वर दोन चमचे श्रीखंड किंवा दुधाचा गोड पेला घेऊन झोपलेल्या माणसाच्या दाढांच्या खोबणीत जे अडकतं, त्यावर जंतू सकाळपर्यंत निवांत जेवतात. म्हणून सकाळी घासण्याला आपण देतो ते महत्त्व उलटं पडतं. सकाळी आपण घासतो तेव्हा रात्रभराचं नुकसान होऊन गेलेलं असतं. काका, गुरं पीक खाऊन गेल्यावर कुंपण घालायला कुणी जात नाही.

“मग दोष साखरेचा आहे, तोंडाचा नाही,” काका म्हणतात. “साखर सोडा. आणि आमच्यात जेवणानंतर चूळ भरल्याशिवाय कुणी पाटावरून उठून दुसरं काम करत नाही. तुमच्या साहेबलोकांना ते माहीत नव्हतं. खळखळून चूळ भरली की तोंडात राहतं काय?”

यातलं पहिलं वाक्य मी जसंच्या तसं मान्य करतो. साखर नसेल तर कीड फार कमी होते. पण साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दाताला जास्त भोवतं. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या विपेहोल्म इथल्या बौद्धिक अपंगांच्या संस्थेत १९४० च्या दशकात एक प्रयोग झाला. काही जणांना साखर जेवणाबरोबर दिली, काहींना चिकट टॉफ्या दोन जेवणांच्या मधे दिल्या. ज्यांना संमती देता येत नव्हती अशा माणसांचे दात जाणूनबुजून किडवण्याचा तो प्रयोग होता. तो आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यातून निघालेली गोष्ट खरी आहे: जेवणाबरोबरच्या साखरेनं कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळच्या चिकट गोडानं ती झपाट्यानं वाढली. आपल्याकडे हे टॉफीचं काम चहा करतो. सकाळी दोनदा, कचेरीत अकराला, चारला, घरी आल्यावर, कुणी आलं की त्याच्याबरोबर. प्रत्येक कपामागे दाताचा अर्धा-पाऊण तास आम्लात जातो. पुरणपोळी खाऊन दात बिघडत नाहीत, दिवसभर घोट-घोट गोड चहानं बिघडतात. सणाला पोट भरून गोड खा आणि मधला चहा बिनसाखरेचा करा, हे मी कुणालाही सांगेन.

चुळीचंही तसंच. चूळ हा आपला फार चांगला संस्कार आहे. चहानंतर नुसती पाण्याची चूळ भरली तरी सैल साखर निघून जाते. पण दाताला चिकटलेला थर चुळीनं निघत नाही. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक हे स्वतःवरच पाहून गेला आहे. १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की तो रोज सकाळी मिठानं दात घासतो, पाण्यानं चूळ भरतो, जेवणानंतर दाढा कोरतो, कापडानं पुसतो, आणि तरीही त्याच्या दातांच्या मधे भिजवलेल्या पिठासारखं पांढरं काहीतरी साठतं. ते त्यानं पाण्यात मिसळून आपल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. तोंडातले जंतू माणसानं पहिल्यांदा पाहिले ते असे, रोज घासल्या-धुतल्या तोंडात. हा थर आपण जिभेच्या टोकानं रोज चाचपू शकतो. सकाळी उठल्यावर खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवली की जे बुळबुळीत लागतं, ते तेच. पाण्याच्या नळाखाली तासभर धरलेल्या दुधाच्या पातेल्याची साय जशी कडेला धरून राहते, तसा तो धरून राहतो. त्याला घासूनच काढावं लागतं. न काढला तर लाळेतलं खनिज बसून त्याचं किटण होतं, आणि मग तो घरच्या ब्रशालाही दाद देत नाही.

काकांचा तिसरा मुद्दा दातणाचा आहे, आणि तो ते सगळ्यांत जोरात मांडतात. “तुमच्या पेस्टच्या जाहिरातींच्या आधी दोन हजार वर्षं आयुर्वेदानं दातण सांगितलं आहे. कडू, तुरट, तिखट रसाची काडी. आम्ही तेच करतो. त्यात प्लास्टिक नाही, फेस नाही, कंपनीची तिजोरी भरणं नाही.”

काका, दातणाला मी नावं ठेवणार नाही. ताज्या काडीचा नीट मऊ कुंचला करून, घाई न करता, प्रत्येक दात आतून-बाहेरून घासणारा माणूस दातांवरचा थर ब्रशाइतका काढू शकतो. पण ज्या ग्रंथांचा आधार तुम्ही देता त्यांचं सगळं ऐकू या. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, दातण दोन वेळा करावं असं सांगितलं आहे, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये असंही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सकाळी आणि जेवणानंतर अशा दोन वेळा दिल्या आहेत. आपण त्यातली सकाळची वेळ उचलली, कारण ती स्नानसंध्येच्या ओळीत बसत होती, आणि जेवणानंतरची वेळ सोडून दिली. रात्री घासा म्हणणारा दंतवैद्य परंपरेच्या विरुद्ध बोलत नाही. तो परंपरेतला हरवलेला अर्धा भाग परत मागतो आहे.

घासण्यानं हिरड्यांचं काय होतं, याचा डेन्मार्कमध्ये ऑरहूसला १९६५ मध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला पुरावा इतका साधा आहे की तो कुणालाही समजेल. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, लाल झाल्या. पुन्हा घासायला लावलं आणि आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीतून रक्त येतं म्हणून घासणं थांबवणाऱ्या माणसानं हा प्रयोग लक्षात ठेवावा. रक्त घासल्यामुळे येत नसतं, नीट न घासल्यामुळे येत असतं. मधुमेह्याला तर याची दुप्पट निकड आहे. वाढलेली साखर हिरड्यांचा रोग बळावते आणि हिरड्यांचा रोग साखर आटोक्यात येऊ देत नाही, हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झालेलं आहे. ज्या देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, तिथे साखरेच्या तपासणीला आलेल्या माणसाला तोंड उघडायला सांगणं रिवाजात यायला हवं.

पण एक गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांनीही कबूल केली पाहिजे. नुसत्या घासण्यानं हिरड्या सुधारतात, कीड मात्र त्यानं फारशी अडत नाही. दाढांच्या खोबणी ब्रशाच्या केसापेक्षा अरुंद असतात. कीड अडवतं ते फ्लोराइड. ते सुटत चाललेलं खनिज परत बसवायला मदत करतं आणि परत बसलेलं खनिज आधीपेक्षा चिवट करतं. फ्लोराइडच्या पेस्टवर झालेल्या सत्तरेक चाचण्या एकत्र करून २००३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की मुलांमधली नवी कीड तिनं सुमारे २४ टक्क्यांनी घटते. म्हणून दातण करणाऱ्या काकांना मी दातण सोडा म्हणणार नाही. सकाळी खुशाल काडी वापरा. रात्री मात्र मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट.

“फ्लोराइड?” काका लगेच अडवतात. “यवतमाळकडची, चंद्रपूरकडची माणसं जाऊन बघ. विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दात पिवळे-तपकिरी झालेत, हाडं वाकलीत. ते विष पोराच्या तोंडात घालायचं?”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरवेलचं पाणी पिऊन पिढ्यांचे दात डागाळले आहेत. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, ही आपल्या मानकांची शेवटची मर्यादा. जिथे ती ओलांडते तिथे दुसरं पाणी पुरवणं हे सरकारचं काम आहे आणि त्यात कसूर होऊ नये. पण ते दुखणं पोटात जाणाऱ्या फ्लोराइडचं, वर्षानुवर्षं, आणि दात जबड्यात घडत असतानाच्या वयातलं. पेस्टचं फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर काम करतं आणि थुंकून टाकायचं असतं. त्यामुळे प्रश्न मापाचा उरतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि घासताना मोठं माणूस शेजारी. जाहिरातीत ब्रशाच्या टोकापासून टोकापर्यंत जी लाट दाखवतात, ती मोठ्यांनाही नको. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात लहान मुलासाठी दंतवैद्याला विचारूनच पेस्ट निवडावी.

मशेरीबद्दल मात्र मला काकांना कुठलीही सवलत देता येत नाही. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची. ‘दात घासते’ असं म्हणत बाई मोरीपाशी बसते तेव्हा तिच्या तोंडात मंजन असतं की तंबाखू, हे घरातल्या पुरुषाला ठाऊक असतं आणि तो बोलत नाही. मुंबईत १९९० च्या दशकात पस्तिशीच्या पुढच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली. बायकांमध्ये विडी-सिगारेट जवळजवळ शून्य, आणि तरी निम्म्याहून अधिक बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू तोंडात ठेवत होत्या. त्यात मशेरीच सगळ्यांत पुढे. पुढे २००४ मध्ये मुंबईतल्याच १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात तोंडात तंबाखू ठेवणाऱ्यांची बाळं जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये ती कायम केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पानाला कुठला कायदा अडवणार?

“तिला कशाला बोल लावतोस?” काका म्हणतात, आणि इथे त्यांच्या आवाजात कळकळ आहे. “पहाटे चारला उठणारी बाई. मशेरी लावते तेवढी दहा मिनिटं तिची स्वतःची. दाढ ठणकते तेव्हा तीच तिला थांबवते. डॉक्टरकडे जायला तिच्याजवळ ना वेळ, ना पैसा, ना सोबतीला माणूस.”

हे सगळं खरं आहे, म्हणूनच ते जास्त दुखतं. तिच्या दाढेला आराम पडतो कारण तंबाखू बधिर करते. दाढ आत कुजतच राहते. ठणका एक दिवस आपोआप थांबतो तोही बरं झाल्यामुळे नाही, आतली नस मेल्यामुळे. मग पू जबड्यात उतरतो. मशेरी जिथे रोज लागते तिथली हिरडी मागे सरते, गालाच्या आत पांढरा चट्टा उठतो, आणि तो न दुखणारा चट्टा पुढे काय होऊ शकतो हे परळच्या टाटा रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेल्यांना विचारावं लागत नाही. बाईला बोल लावून मशेरी सुटत नाही, निकोटीनची ओढ तशी सुटणारी नसते. घरातल्या माणसानं तिची दाढ दाखवायला तिला स्वतः घेऊन जावं आणि डबीबद्दल डॉक्टरांसमोर मोकळेपणानं बोलावं. गालात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा असेल, तर त्याच आठवड्यात.

बाकी काही समजुतींना इतकं लांब उत्तर लागत नाही. वरची दाढ काढली की नजर जाते असं म्हणतात. दाढेची नस आणि डोळ्याची दृष्टीची नस वेगळ्या आहेत, दाढ काढून कुणाची नजर जात नाही. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, हेही तसंच. हाड आधीच झिजलेलं असतं, किटणानं हलणाऱ्या दातांना गारा घालून धरून ठेवलेलं असतं. गारा काढला की खरी स्थिती दिसते. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात कारण वरचा थर घासला जातो, आणि तो परत येत नाही. कडक ब्रश आडवा रेटून घासणाऱ्याच्या दाताच्या मुळाशी खाच पडते, ती याच कारणानं. लिंबू, चिंच, कैरी, कोकम असं आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबून घासावं.

“हे सारं शहरातल्या शिकलेल्यांना जमेल,” असा काकांचा शेवटचा मोठा आक्षेप. “गरिबाला सांगू नकोस. दंतवैद्याच्या दारात पाय ठेवला की हजारांत बिल. आणि साखर, गुटखा, तंबाखू विकणारे मोकळे, घासण्याची शिकवण मात्र गरिबाला.”

विकणाऱ्यांबद्दल मी काकांच्या बाजूनं उभा आहे. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि पान-टपऱ्यांवर पुड्या आजही लटकतात. शाळेच्या फाटकासमोर दोन रुपयांची गोळी विकली जाते. त्यासाठी घरच्या ब्रशाला जबाबदार धरणं अन्याय आहे. पण बिलाचा मुद्दा माझ्याच म्हणण्याला बळ देतो. दातावर खडूसारखा पांढरा ठिपका असतो तेव्हा फ्लोराइडनं तो परत कडक होऊ शकतो. तो टप्पा गेला की सिमेंट, तो गेला की रूट कॅनॉल आणि वर टोपी, तो गेला की दाढ काढणं आणि मग कवळी किंवा स्क्रू बसवणं. प्रत्येक पायरीला खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दात बसतच नाहीत. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला पहिल्याच पायरीवर थांबणं सगळ्यांत जास्त गरजेचं आहे. आपण दुखेपर्यंत जात नाही आणि दुखतं ते शेवटच्या पायऱ्यांवर, म्हणून दंतवैद्य म्हणजे महाग आणि वेदना देणारा माणूस अशी ओळख होऊन बसली आहे.

यात मुलांची एक दाढ सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी मोठी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला ती आल्याचं कळत नाही. किडली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून देतात. ती पडणारी नसते. ती जन्मभराची असते, आणि तिच्याच खोबण्या सगळ्यांत खोल असतात. पहिलीत जाणाऱ्या मुलाला खिडकीपाशी उभं करून, तोंड मोठं उघडायला लावून, दोन्ही बाजूंना दुधाच्या दोन दाढांच्या मागे पाहावं. तिसरी दिसली तर ती नवी. तिच्या खोबण्या दंतवैद्याकडून पातळ लेपानं बुजवून घेता येतात, दुखत नाही, भूल लागत नाही. आणि रात्री तिच्यावर ब्रश फिरला की नाही हे मोठ्यानं बघावं, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते काम नीट जमत नाही. हे एकेका घरावर सोडायचंही कारण नाही. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ या योजनेत बालवाडीतली मुलं शिक्षिकेच्या नजरेसमोर रोज फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासतात. त्यांची कीड घटली, आणि उपचारांचा वाचलेला खर्च योजनेच्या खर्चाहून जास्त निघाला. आपल्या अंगणवाड्यांत खिचडीआधी हात धुण्याची रांग लागतेच. तीच रांग खिचडीनंतर ब्रश घेऊन पुन्हा उभी राहू शकते.

काका बराच वेळ गप्प असतात. मग अगदी बारीक वाटणारी, पण त्यांच्या मनात खोल गेलेली एक गोष्ट ते काढतात. “रात्री घासून फक्त थुंकायचं, पाण्यानं चूळ भरायची नाही, असं तुमचे दंतवैद्य सांगतात. पेस्ट तोंडातच राहू द्यायची. ते नाही जमणार. तोंड उष्टं राहिल्यासारखं वाटेल. धुतल्याशिवाय तोंड स्वच्छ कसं होईल?”

शुचिता आणि राखण इथे एकमेकींसमोर येऊन उभ्या राहतात. धुण्याची सवय सांगते, तोंडात परकं काही राहता कामा नये. राखणीला मात्र थोडं फ्लोराइड रात्रभर दातांवर राहायला हवं असतं, कारण लाळ झोपलेली असताना दातापाशी जागं राहणारं तेवढंच असतं. भरपूर पाण्यानं खळखळून चूळ भरली की तेही मोरीतून वाहून जातं. म्हणून काका, चूळ सोडू नका, तिची जागा बदला. जेवण झालं की ब्रशाच्या आधी हवी तितकी चूळ भरा, तोंडातलं खरकटं-उष्टं पुरतं काढा, जिभेवरून हात फिरवा, तुमचं समाधान होईपर्यंत. मग दोन मिनिटं ब्रश, आतल्या बाजूनंही, दाढांच्या मागेही. मग थुंका. ओठ पुसा. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलात तरी चालेल, पण त्याला अर्धा तास हात लावू नका.